चार बंदुका आणि एक खरा मार

पोलीस चौकीच्या दारात नवरा बायकोला बडवतोय. बायको गळा काढून ओरडतेय. चौकीतले पोलीस आधी मजा बघतात. नवऱ्यानं मोठा धोंडा उचलून तिच्या डोक्यावर धरला, तेव्हा कुठं दोघं बाहेर धावतात. सोडवासोडव, समजूत, शिव्या. तेवढ्यात मागच्या बाजूनं काही पोरं आत शिरतात आणि चार बंदुका आणि काडतुसं घेऊन निसटतात.

१९४३च्या सुमाराची, सांगलीकडची ही गोष्ट. त्यातला नवरा नवरा नव्हता आणि बायकोही त्याची बायको नव्हती. ती होती हौसाबाई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी, वय १७. प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या, तुफान सेना या लढाऊ दलाला हत्यारं हवी होती, म्हणून हे नाटक रचलं होतं. नाटकातली खरी गोष्ट एकच, बसलेला मार. २०१७ साली विट्याला पत्रकार पी. साईनाथ यांना हे सांगताना हौसाताई ९१ वर्षांच्या होत्या आणि त्या खोट्या नवऱ्यावरचा त्यांचा राग अजून गेलेला नव्हता. खरं वाटायला पाहिजे म्हणून त्यानं जरा जास्तच हाणलं, ही तक्रार. चौऱ्याहत्तर वर्षं जपलेली.

अशा न सजवलेल्या आठवणींचा नाद लागला की माणूस तासगावलाही जातो. ३ सप्टेंबर १९४२ रोजी इथल्या मामलेदार कचेरीवर ‘भारत छोडो’चा मोर्चा आला होता. कचेरीवर तिरंगा चढला आणि मामलेदारांच्या डोक्यावर गांधी टोपी. गोळी सुटली नाही. आठवड्याभरातच ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली. तासगावची आठवण त्यामुळं थोडी हसरी राहिली. मामलेदार आणि टोपी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या ओठांचे कोपरे हलतात.

अशा आठवणींचे कार्यक्रम या पट्ट्यात सगळीकडं होतात. मांडव किंवा शाळेचं पटांगण, ‘हॅलो, हॅलो, माइक चेक’, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग सूत्रसंचालकाचा लांबलचक परिचय. पुढं म्हातारा बोलायला उठतो, खिशातला कागद काढतो आणि गोष्ट तिथंच आटपते. कागदावर ‘स्वातंत्र्याच्या यज्ञकुंडात’ असतं. त्या रात्री भाकरी कुणाच्या घरातून आली, अंधारात कुणाला शिंक आली, हे कागदावर नसतं. ते ऐकायचं तर कार्यक्रम संपल्यावर चहाच्या कपापाशी उभं राहावं लागतं. तिथं ना माइक असतो ना हार, आणि माणूस आपसूक आपल्या बोलीवर येतो.

सजवलेल्या आणि अस्सल गोष्टीतला हा फरक तासगावच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बेदाण्याचं गाव आहे हे. द्राक्षं रॅकवर वाळतात, मग गंधकाची धुरी बसते आणि माल पिवळाधमक होतो. धुरीनं रंग येतो, रंगाला भाव येतो. सौद्यात मूठभर दाणे तळहातावर घेऊन फिरवणारे व्यापारी पाहिले की मांडवातली भाषणं आठवतात. तीही चकचकीत, एका आकाराची. हौसाताईंची तक्रार मात्र धुरी न दिलेला दाणा. काळपट असेल, चवीला अस्सल.

अशाच बिनधुरीच्या गोष्टी सांगायला न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली ‘द मॉथ’ नावाचा प्रकार सुरू झाला. गोष्ट खरी पाहिजे, स्वतःची पाहिजे आणि हातात कागद चालणार नाही. आता जगभरच्या शहरांत त्या धर्तीचे महोत्सव भरतात, तिकिटं लागतात. आपल्याकडं कथाकथनाचा मांडव त्याहून कितीतरी जुना. कृष्णाकाठच्या औदुंबरला, जे तेव्हा तासगाव तालुक्यातच होतं, १९३९पासून संक्रांतीला साहित्य संमेलन भरतंय. कवी सुधांशूंनी ते आयुष्यभर सांभाळलं. पुढं द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनानं गावंच्या गावं हसवली. पण त्या रचलेल्या कथा. गंमत अशी की मराठीत कथेसाठी सगळ्यात नावाजलेलं मासिक, त्याचं नाव ‘सत्यकथा’, आणि आत छापून यायच्या त्या कल्पित कथा. स्वतःचं जिणं स्वतः मांडायचा खरा धडाका दया पवारांच्या ‘बलुतं’नं, म्हणजे १९७८नंतर लागला. त्यातलंही बरंचसं पुस्तकात राहिलं, मांडवात कमीच आलं.

जून २०१७मध्ये मात्र कुंडलला एक वेगळा मेळा जमला. प्रतिसरकारचे हयात असलेले सैनिक एकत्र आले, त्यांच्या सन्मानाला महात्मा गांधींचे नातू गोपाळकृष्ण गांधी आले. त्या लोकांत कॅप्टन भाऊ होते, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, तुफान सेनेतले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी रेल्वेगाडी अडवणाऱ्या तुकडीचे एक म्होरके. रुळांवर दगड रचले, गाडी थांबली. मागं सरकू नये म्हणून शेवटच्या डब्यामागंही दगड रचले. हत्यारं म्हणजे विळे, लाठ्या आणि दोन-चार गावठी बाँब.

ही हकिगत सांगताना भाऊ एका शब्दाला अडायचे. ‘गाडी लुटली’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. इंग्रजांनी लुटलेला लोकांचा पैसा आम्ही परत आणला, असा त्यांचा हिशेब. ही दुरुस्ती ते नव्वदी ओलांडल्यावरही करत होते. मांडवातल्या वक्त्यांना मात्र ‘लूट’ हाच शब्द आवडतो, टाळी घेतो. ज्यानं दगड रचले त्याचं ऐकायचं, की ज्याच्या हातात माइक आहे त्याचं?

हौसाताईंकडं चार बंदुकांशिवायही पुष्कळ होतं. गोव्यात पोर्तुगीजांनी पकडलेल्या सहकाऱ्याला निरोप पोचवायचा म्हणून त्या तिकडं गेल्या, चिठ्ठी केसांत लपवून. परतताना रात्री मांडवी ओलांडली ती लाकडी पेटीवर तरंगत. सिनेमावाल्याला एवढं पुरे. तरीही ऐकणारा फिरून चौकीच्या दारातच येतो, कारण नदीच्या गोष्टीत त्या शूर आहेत, आणि चौकीच्या गोष्टीत शूर आहेत शिवाय वैतागलेल्याही. चार बंदुका मिळाल्या हे इतिहासाच्या कामाचं. गालावर बसली ती कुणाच्या कामाची? स्मरणिकेत ती ओळ छापून येत नाही. संपादक कात्री लावतो, बहुधा आदरापोटी.

अशा न छापलेल्या गोष्टी आणखीही होत्या. रामापूरचे गणपती यादव भूमिगतांचे निरोप्ये होते. निरोप आणि जेवणाचे डबे पोचवायचे. गोळ्या झाडल्याची गोष्ट त्यांच्याकडं नव्हती, म्हणून बराच काळ त्यांना कुणी विचारलंही नाही. २०१८च्या उन्हात, वयाच्या ९७व्या वर्षी, ते जुनी सायकल मारत पत्रकारांना शोधत शिरगावला पोचले. आपली गोष्ट सांगायची राहिलीय म्हणून.

सप्टेंबर २०२१मध्ये हौसाताई गेल्या. फेब्रुवारी २०२२मध्ये कॅप्टन भाऊ. आता मांडवात जे ऐकू येतं ते बहुतेक मुला-नातवंडांच्या तोंडून, आणि ते सांगणं दर वर्षी थोडं अधिक पिवळं होत जातं. चार बंदुकांच्या दहा व्हायला किती वर्षं लागतात, हे ज्यानं त्यानं मोजावं.

तासगाव, पलूस, कडेगाव, खानापूर, वाळवा, कुठल्याही घरात नव्वदीचं माणूस असेल, तर या दिवाळीला फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवा. लढ्याचं विचारू नका. त्या दिवशी जेवायला काय होतं ते विचारा, कुणाचा राग आला ते विचारा, आणि मधे बोलू नका.