एक फोन, चार माणसे

१९९८ साली आमच्या घरी इंटरनेट आले. आईचा पहिला प्रश्न होता, "हे चालू असताना आपला फोन लागेल ना?" फोन लागत नसे. मोडेम खरखर, कुईकुई करीत जोडला गेला, की बाहेरून फोन करणाऱ्याला ‘एंगेज’ ऐकू येई. आईच्या माहेरचे फोन रात्री दर उतरल्यावर यायचे आणि माझी इंटरनेटची वेळही तीच. त्यावरून घरात रुसवेफुगवे झाले. तार एक आणि माणसे अनेक, हा पेच तेव्हा आम्ही हसण्यावारी नेला.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतरचा हा काळ. २००४ च्या सरकारी धोरणाने ‘ब्रॉडबँड’ म्हणजे काय ते ठरवले : सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग आणि जोडणी सदैव चालू. २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहक करायचे होते. झाले जेमतेम एक कोटीवर. कारण ही सेवा मुख्यतः टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येई. एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी. आणि खेड्यांत मुळात तारच थोडी.

मग ही कोंडी फोडली ती मोबाइलने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले आणि डेटा स्वस्त झाला. आज देशातले ब्रॉडबँड ग्राहक ९० कोटींच्या पुढे आहेत; त्यांतले तारेने जोडलेले मात्र वीसांत जेमतेम एक. बाकी सारे इंटरनेट कुणाच्या ना कुणाच्या खिशात आहे. आणि खिसा घराचा नसतो, एका माणसाचा असतो.

हे मला उमगले २०२० मध्ये. धाकटा भाऊ गावी शेती आणि दुधाचा धंदा सांभाळतो. शाळा बंद झाल्या तेव्हा पुतण्या बारावीत, पुतणी आठवीत आणि घरात चांगला फोन एकच. दिवसा तो भावाबरोबर डेअरीवर जाई. संध्याकाळी घरी आला, की आधी दादाचा अभ्यास. पुतणीची पाळी रात्री साडेदहाला, तोवर दिवसाचा दीड जीबी संपलेला असे. मास्तरांनी पाठवलेला गणिताचा व्हिडिओ गोल गोल फिरत राही आणि पोर फोन हातात घेऊनच झोपी जाई.

तिने एकदा माझ्याकडे तक्रार केली. मी म्हणालो, "दादाचं बारावीचं वर्ष आहे, जरा समजून घे." तिने समजून घेतले.

२०२१ ची बारावीची परीक्षा करोनामुळे रद्दच झाली. पुतण्या पास झाला. पुतणीचे गणित मात्र सुटले ते सुटलेच. दहावीनंतर तिने कला शाखा घेतली. आवडीने घेतली, असे ती सांगते.

दोन वर्षांपूर्वी भावाच्या घरी फायबरची तार आली. ग्रामपंचायती जोडण्याची योजना सरकारने २०११ मध्ये मंजूर केली, तिला पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळाले आणि आज दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत ती पोहोचली आहे. याचा आनंद आहेच. पण ग्राहकांचे आकडे वाचताना मी आता मनात आणखी एक प्रश्न विचारतो : या घरात माणसे किती, आणि शेवटची पाळी कुणाची?

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. शेजारची पाचवीतली मुलगी भावाच्या ओटीवर बसून पुतणीच्या फोनवर अपूर्णांक शिकत होती. मी म्हटले, "तुझा अभ्यास?"

"माझं नंतर होईल, काका," पुतणी म्हणाली. "आधी तिचं होऊ दे."