पाण्याचे नाते

१९९८ साली वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून विभक्त झाला आणि पापडीच्या अवर लेडी ऑफ ग्रेस चर्चला कॅथीड्रलचा मान लाभला. परंतु तेथे तान्ह्या बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी जे घडते, ते या मानमरातबाहून कितीतरी प्राचीन आहे. बाळाच्या मस्तकावर पाणी ओतले जात असता जन्मदात्यांच्या जोडीला आणखी एक-दोन माणसे उभी असतात, आणि विधी आटोपल्यावर चर्चच्या दप्तरात आईबापांबरोबर त्यांचीही नावे धर्मपिता व धर्ममाता म्हणून कायमची दाखल होतात. प्राचीन लॅटिन लेखकांनी अशा माणसाला चक्क जामीन म्हटले आहे, आणि मला तो कचेरीतला शब्द कोणत्याही गोंडस विशेषणापेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटतो. कारण जामीन राहणारा नुसता हौसेने हजर नसतो, उद्या या जीवाने श्रद्धेची वाट सोडली तर विचारणा आपल्यालाही व्हावी, एवढे तो पत्करून उभा असतो. तो सर्वसाधारणपणे किमान १६ वर्षांचा व दृढीकरणाचा संस्कार झालेला असावा, आणि जन्मदात्यांना मात्र हे पद घेता येऊ नये, असा चर्चचा कायदा आहे.

या नात्याला किती वजन होते, ते विवाहाच्या कायद्यात दिसते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पूर्वीची पसरट बंधने आटोपशीर केली, तरीही धर्मपित्याला आपल्या धर्मकन्येशीच काय, तिच्या विधवा आईशीही लग्न करता येत नसे. १९१७ च्या धर्मसंहितेने आईपुरती मोकळीक दिली आणि १९८३ च्या संहितेने ती बंदी समूळ उठवली. बाळाचा बाप आणि धर्मपिता यांच्या परस्परनात्याला पोर्तुगीज भाषेत ‘कोंपाद्रे’, म्हणजे सहपिता, असा शब्द आहे, आणि वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचे ‘कुपारी’ हे नाव त्यावरूनच आले असे सांगतात. तसे असेल, तर बागायत करणाऱ्या एका अख्ख्या समाजाची ओळख शेजाऱ्याच्या लेकराला जामीन राहण्यावरून पडली म्हणावयाची!

आपली आई व भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप आला असता येशूने सभोवार बसलेल्या माणसांकडे पाहून, देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारा तोच आपला भाऊ, बहीण आणि आई, असे उत्तर दिले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरवला, तो जणू हे उत्तर शब्दशः मानून. त्यात स्नानसंस्कार न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. पाण्याच्या नात्यावर वाढलेल्या पापडीकराला हे धाडस अंमळ बिचकवणारे वाटले, तर त्यात नवल नाही.

तथापि वसईच्याच एका पुत्राची हकीकत या धाडसाच्या बाजूने साक्ष देते. १५५७ च्या सुमारास येथे जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या सहवासात वाढला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार करून तो मनिलास फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाला, आणि पुढे पेद्रो बाप्तिस्ता या गुरुबंधूचा दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला पोहोचला. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने २४ ख्रिस्ती जणांना देहदंड सांगण्यात आला. त्यांत फ्रान्सिस्कन होते, जेझुइट होते, आणि बहुसंख्य साधे जपानी प्रापंचिक होते. भर हिवाळ्यात त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत शेकडो मैल नेण्यात आले. वाटेत त्यांची सेवा करीत मागोमाग चालणारे दोघे जण होते, ज्यांची नावे त्या यादीत नव्हती आणि ज्यांना कोणी बोलावलेही नव्हते. पहारेकऱ्यांनी त्यांनाही धरून कैद्यांत सामील केले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर गोन्सालोसह २६ क्रूस उभे राहिले.