एका चुलीचा हिशेब आणि देशाचे आकडे

जमिनीचा कस मातीच्या परीक्षणाने कळतो, पावसाचे मान पर्जन्यमापकाने कळते. परंतु शेतकऱ्याच्या संसाराचा कस कशाने कळावा? त्यासाठी घरोघरी जाऊन उत्पन्न, खर्च, कामधंदा व कर्ज यांची विचारपूस करावी लागते. भारतात हे कार्य प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने अंगीकारले. तिचे आकडे योजना आखणाऱ्यांप्रमाणेच गावातील कार्यकर्त्यालाही समजले पाहिजेत. कारण ते गावातूनच गोळा होतात आणि योजनांच्या रूपाने गावाकडेच परत येतात.

नमुना कसा निवडतात?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे गृहिणीला ठाऊक असते. मात्र भात सारखा शिजलेला असावा लागतो. गावातील घरे एकसारखी नसतात. म्हणून पाहणी करणारा सोयीची घरे घेत नाही. प्रथम काही गावे व नंतर त्यांतील काही कुटुंबे ठरलेल्या शास्त्रीय पद्धतीने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली जातात. २०१९ साली शेतकरी कुटुंबांच्या स्थितीची पाहणी झाली, तेव्हा पहिल्या भेटीत ५८,०३५ कुटुंबांकडे चौकशी करण्यात आली. अशी पाहणी देशाचे व राज्याचे चित्र दाखवते. एखाद्या गावाचे चित्र तीत शोधू नये.

या पाहणीत कुटुंब म्हणजे एकत्र राहून एका चुलीवर जेवणारी माणसे. सातबारावर भाऊ एकत्र असले, तरी चुली वेगळ्या असतील तर कुटुंबे वेगळी समजतात.

उत्पन्न कोठून येते?

जुलै २०१८ ते जून २०१९ या कृषिवर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात मजुरी व पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८, जनावरांचे १,५८२, शेतीबाहेरील धंद्याचे ६४१ आणि खंडाने दिलेल्या जमिनीचे १३४ रुपये होते. शेतकरी म्हणवणाऱ्या घरातही मजुरीचा वाटा पिकाहून मोठा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पिकाच्या रकमेतून केवळ प्रत्यक्ष पदरचा खर्च वजा केलेला आहे. घरचे बी, घरच्या माणसांचे श्रम यांचेही मोल धरून वजावट केली, तेव्हा एकूण मासिक उत्पन्न ८,३३७ रुपयांवर आले. म्हणून आकडा वाचताना त्यातून कोणता खर्च वजा झाला आहे, हे आधी पाहावे.

सरासरीपासून सावध

समजा, एका वाडीत पाच कुटुंबे आहेत. चौघांचे उत्पन्न दरमहा ६,००० रुपये व पाचव्याचे ३६,००० रुपये आहे. सरासरी १२,००० येते. पण तेवढे उत्पन्न पाचांपैकी एकाचेही नाही!

कर्जाचेही असेच आहे. त्याच पाहणीत दर शेतकरी कुटुंबामागे सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज निघाले. कर्जदार कुटुंबे मात्र शेकडा ५०.२ होती. कर्ज नसलेली घरे वगळून हिशेब केला, तर प्रत्येक कर्जदार कुटुंबाच्या डोक्यावर सरासरी सुमारे १,४८,००० रुपयांचा भार होता.

दोन पाहण्यांची तुलनाही जपून करावी. २०१२-१३ मध्ये सरासरी मासिक उत्पन्न ६,४२६ रुपये होते. त्यानंतरची वाढ शेकडा ५९ दिसते. परंतु मधल्या काळात बाजारभावही चढले. शिवाय शेतकरी कुटुंब ठरवण्याची वार्षिक उत्पादनाची मर्यादा ३,००० रुपयांवरून ४,००० रुपयांवर नेण्यात आली होती. माप बदलले की मोजणीतही फरक पडतो.

उत्तर देणाऱ्याचे कर्तव्य

करवाढ होईल किंवा सवलत जाईल, या भीतीने काही जण उत्पन्न लपवतात, तर काही कर्ज सांगत नाहीत. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ अन्वये घेतलेली माहिती केवळ सांख्यिकीय कामासाठी वापरावयाची असते, हे कार्यकर्त्याने समजावून सांगावे.

पाहणी-अधिकारी घरी आला असता पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. घरखर्चासाठी ठेवलेले धान्यही उत्पन्नात सांगावे. केवळ विकलेल्या मालाची रक्कम पुरी नाही.

२. बी, खत, औषध, मजुरी व औताचे भाडे यांची टिपणवही समोर ठेवावी.

३. स्त्रियांची निंदणी, खुरपणी, गुरांची देखभाल ही कामे 'घरचीच' म्हणून गाळू नयेत. दुधाचा हिशेब बहुधा घरच्या बाईलाच ठाऊक असतो. तो तिलाच विचारावा.

४. सोसायटी व बँकेबरोबर सावकाराचे व नातलगांचे देणेही सांगावे.

निवडलेले एक घर त्याच्यासारख्या अनेक घरांच्या वतीने बोलत असते. त्या घराने दुधाचे उत्पन्न गाळले, तर अनेक गोठे हिशेबातून गळतात, आणि चारा व पशुवैद्यकीय सोयींची गरज कागदावर कमी दिसते. सावकाराचे देणे लपवले, तर पतपुरवठा पुरेसा आहे असा समज होतो. उत्तर खरे असेल, तरच योजना गरजेच्या दारी पोहोचेल.