जुन्या गाडीचे मूळ इंजिन बदलावे का? : तांत्रिक, कायदेशीर आणि व्यावहारिक विचार

विषय : ऑटोमोबाईल अभियांत्रिकी (पदवी, तिसरे वर्ष)
पूर्वज्ञान : चार-स्ट्रोक इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शिअल, कंपनांचा प्राथमिक अभ्यास

उद्दिष्टे

हे टिपण वाचल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी जमाव्यात :
१. इंजिन खरोखर निकामी झाले आहे की नाही, हे चाचणीने ठरवणे.
२. दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवताना गाडीच्या इतर भागांवर होणारे परिणाम गणिताने काढणे.
३. मोटार वाहन कायद्यातील संबंधित तरतुदी सांगणे.
४. या तिन्हींच्या आधारे निर्णय घेणे.

१. प्रस्तावना

माझ्या वडिलांची १९७४ सालची अ‍ॅम्बॅसॅडर मार्क २ बेळगावहून बंगळूरुला आणली, तेव्हा ती चढावर धापा टाकत होती आणि रेडिएटर उकळत होता. मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "सर, हे इंजिन संपलं. इसुझूचं डिझेल टाकू, वीस वर्षं बघायला नको." जुनी गाडी असलेल्या बहुतेकांना हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. तो नेहमी चुकीचा असतो असे नाही, पण तो बहुधा मोजमाप न करता दिलेला असतो.

मला हा सल्ला लगेच मान्य करता आला नाही, त्याला एक जुने कारण होते. १९९० च्या दशकात डिझेल स्वस्त होते, म्हणून मामांनी आपल्या प्रीमियर पद्मिनीत एका गॅरेजमधून डिझेल इंजिन बसवून घेतले. पहिले वर्ष मजेत गेले. नंतर इंजिनाच्या माउंटिंगच्या पट्ट्या तडकू लागल्या, पुढचा भाग खाली बसला आणि नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी इंजिन क्रमांक जुळेना. शेवटी गाडी भंगारात गेली. इंजिन मात्र तेव्हाही उत्तम चालत होते.

२. कारखान्यांनीच केलेले इंजिनबदल

दुसऱ्याचे इंजिन घालणे ही गॅरेजवाल्यांचीच कल्पना नाही. भारतीय कंपन्यांनीही ते केले आहे.

*अ‍ॅम्बॅसॅडर* : मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३ वर आधारित. तिच्यात दीर्घकाळ बीएमसी बी-सीरीज १४८९ सीसी पेट्रोल इंजिन होते. १९९० च्या दशकात हिंदुस्तान मोटर्सने इसुझूचे १८१७ सीसी पेट्रोल इंजिन आणि त्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला.

*कॉन्टेसा* : बॉडी व्हॉक्सहॉलची, इंजिन सुरुवातीला तेच १४८९ सीसी. मोठ्या बॉडीला ते अपुरे पडले. पुढे इसुझूचे इंजिन आल्यावर गाडीचे नाव झाले.

*प्रीमियर ११८ एनई* : बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निस्सानचे ११७१ सीसी. ही जोडी यशस्वी ठरली.

*स्टँडर्ड २०००* : बॉडी रोव्हर एसडी१ ची, इंजिन मात्र जुन्या व्हॅनगार्ड घराण्यातील १९९१ सीसी. गाडी दिसायला देखणी, चालायला जड. ती अपयशी ठरली.

परदेशातील एक उदाहरण आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरच्या नात्यातले आहे. ब्रिटनमधील एमजीबी या स्पोर्ट्स गाडीत बी-सीरीजचेच १७९८ सीसी इंजिन होते. १९७३ मध्ये कंपनीने तिच्यात रोव्हरचे साडेतीन लिटरचे व्ही-८ बसवले. हे शक्य झाले, कारण रोव्हरचे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने वजनाने जुन्या बिडाच्या इंजिनाच्या जवळपासच होते.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. कारखाना इंजिन बदलतो तेव्हा गिअरबॉक्स, कूलिंग आणि माउंटिंग यांचीही नव्याने आखणी करतो, चाचण्या घेतो आणि त्या स्वरूपाला मान्यता मिळवतो. गॅरेजमध्ये बहुधा फक्त इंजिन बदलते.

३. आधी निदान : इंजिन खरेच संपले आहे का?

३.१ स्थानिक कारणे. बंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने ८ ते ९ टक्के कमी असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच कमी होते. पाणीही १०० ऐवजी सुमारे ९७ अंशांवर उकळते. किनाऱ्यावरून आलेली गाडी येथे थोडी मंद वाटणारच.

३.२ इंधनातील बदल. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले. पूर्वी शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचे रक्षण करत असे. बी-सीरीजसारख्या जुन्या बिडाच्या हेडमध्ये तो थर नसल्याने सीट झिजून खोल जाते. उपाय सोपा आहे : मशीन शॉपमध्ये कठीण धातूच्या सीट बसवून घेणे.

पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार करावा. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. जुना कार्ब्युरेटर हे ओळखू शकत नाही, त्यामुळे मिश्रण विरळ होते. इंजिन तापते, ओढत नाही, चालकाला वाटते इंजिन बसले. जेट बदलणे आणि इंधनाचे रबरी पाइप व डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घालणे, एवढ्याने पुष्कळदा काम भागते.

३.३ कॉम्प्रेशन चाचणी. इंजिन गरम करावे, चारही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टरने फिरवावे आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब नोंदवावा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आमच्या गाडीच्या नोंदी अशा आल्या (पीएसआय) :

सिलिंडर १ : कोरडा १२२, तेल घालून १३०
सिलिंडर २ : कोरडा १२०, तेल घालून १२८
सिलिंडर ३ : कोरडा ८४, तेल घालून ८८
सिलिंडर ४ : कोरडा ८६, तेल घालून ९०

*वाचन कसे करावे?* तेल घातल्यावर दाब बराच वाढला असता, तर रिंग किंवा बोअर झिजले असे म्हटले असते. येथे तसे झाले नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवतात, तेव्हा पहिला संशय त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर घ्यावा. हेड उतरवल्यावर ३ आणि ४ च्या मध्ये गॅस्केट जळालेले निघाले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटही खोल गेल्या होत्या. बोअर मात्र मापात होता. म्हणजे दोष हेडमध्ये होता आणि शिक्षा ब्लॉकला मिळणार होती.

४. दुसरे इंजिन बसवले तर काय बदलते?

४.१ टॉर्क. जुन्या इंजिनाचा कमाल टॉर्क १०५ न्यूटन-मीटर आणि नव्याचा १३० धरू. वाढ सुमारे २४ टक्के. क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मागचे हाफ शाफ्ट हे सर्व जुन्या टॉर्कसाठी बनवलेले असतात. साखळीची मजबुती तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते.

४.२ वेग आणि डिफरन्शिअल (सोडवलेले उदाहरण).
चाकाची परिणामी त्रिज्या ०.३२ मी., डिफरन्शिअल गुणोत्तर ४.५५, टॉप गिअर थेट (१:१). ताशी ८० किमी वेगाला इंजिनाचे फेरे किती?

वेग = ८० ÷ ३.६ = २२.२२ मी./से.
चाकाचा परीघ = २ × ३.१४१६ × ०.३२ = २.०१ मी.
चाकाचे फेरे = २२.२२ ÷ २.०१ × ६० ≈ ६६३ प्रति मिनिट
इंजिनाचे फेरे = ६६३ × ४.५५ ≈ ३०१७ प्रति मिनिट

पेट्रोल इंजिनाला हे सोपे आहे. पण बसवलेल्या डिझेल इंजिनाची मर्यादाच ३००० फेऱ्यांची असेल, तर गाडी ८० च्या पुढे जाणार नाही आणि त्या वेगाला सतत किंचाळत राहील. गुणोत्तर ३.९ केले तर फेरे सुमारे २५८६ होतात, पण मग डिफरन्शिअलही बदलावे लागते. एका बदलातून दुसरा बदल निघतो, तो असा.

४.३ ब्रेक. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किमी वेगाने जाऊ लागलो, तर (१००/८०)² = १.५६, म्हणजे ब्रेकने शोषायची उष्णता ५६ टक्क्यांनी जास्त. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत ही बाब जिवाशी निगडित आहे. इंजिन वाढवणाऱ्याने ब्रेक वाढवले नाहीत, तर काम अर्धे नव्हे, धोकादायक झाले आहे.

४.४ उष्णता. पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर जेवढी ताकद देते, साधारण तेवढीच उष्णता पाण्याला देते. ५० अश्वशक्ती म्हणजे ३७ किलोवॅट, ७५ म्हणजे ५६ किलोवॅट. रेडिएटरची क्षमता दीडपट हवी. सिग्नलला उभे राहण्यात ज्या शहरात निम्मा प्रवास जातो, तेथे पंख्याचाही विचार करावा लागतो.

४.५ वजन आणि कंपने. नवे इंजिन ६० किलोने जड असेल आणि पुढच्या आसाच्या जवळ असेल, तर जवळजवळ सगळे वजन पुढच्या चाकांवर येते. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये पुढे टॉर्शन बार आहेत. ते पुन्हा जुळवावे लागतात आणि स्टिअरिंग जड होते.

चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ७०० फेऱ्यांच्या आयडलिंगला स्पंदनांची वारंवारता = ७०० ÷ ६० × २ = २३.३ हर्ट्झ. कंपने रोखायची तर माउंटिंगवरील इंजिनाची नैसर्गिक वारंवारता २३.३ ÷ १.४१४ = १६.५ हर्ट्झपेक्षा कमी हवी. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे प्रत्येक धक्काही मोठा. पेट्रोलसाठी बनवलेल्या पट्ट्यांना वेल्डिंग करून तेथेच डिझेल बसवले, तर त्या थकून तडकतात. मामांच्या गाडीत हेच झाले होते.

५. कायदा काय म्हणतो?

५.१ कलम ५२. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची सवलत याच कलमात आहे, पण ती विहित अटींवर. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

विद्यार्थी येथे एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, इसुझूचे इंजिन कंपनीनेच अ‍ॅम्बॅसॅडरला दिले होते ना?" दिले होते, पण नंतरच्या गाड्यांना. १९७४ च्या गाडीच्या कागदावर १४८९ सीसी लिहिले आहे, १८१७ नव्हे.

५.२ व्हिंटेज नोंदणी. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने यात बसतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही.

आमच्या गाडीला २०२४ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली. मेकॅनिकचा सल्ला ऐकला असता, तर ज्या वर्षी हा मान मिळायचा त्याच वर्षी तो हक्क गमावला असता.

६. मग इंजिन कधी बदलावे?

पुढील क्रमाने विचार करावा. वरची पायरी अशक्य ठरली तरच खालची.

१. *मूळ इंजिनाची दुरुस्ती.* हेड फेसिंग, सीट, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग. बोअर शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत गेला असला तरी स्लीव्ह घालून ब्लॉक वाचवता येतो. बंगळूरुचा जे. सी. रोड किंवा कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर येथे अशी कामे जाणणारे हात अजून आहेत.

२. *त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे दुसरे इंजिन.* ब्लॉक फुटला असेल तर हा मार्ग. आरटीओची परवानगी आधी घ्यावी आणि नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्यावा.

३. *दुसऱ्या कंपनीचे इंजिन.* सुटे भाग मिळतच नाहीत अशा गाडीसाठी हा प्रश्न खरा आहे. आपल्याच शहरात सिपानी कंपनीने १९८० च्या दशकात डॉल्फिन बनवली. तिचे ८४८ सीसी अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन ब्रिटनच्या रिलायंटचे होते. त्याचे भाग आज शोधून सापडणे कठीण. अशा गाडीचा मालक दुसऱ्या इंजिनाकडे वळला, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. तरीही आरटीओकडे आधी लेखी विचारणा करावी. परवानगी नसेल, तर अशी गाडी रस्त्यावर न नेता खासगी आवारात किंवा महाविद्यालयीन प्रकल्पापुरतीच ठेवावी.

तिसऱ्या पायरीवर दोन पथ्ये पाळावीत. बॉडी न कापता, पुन्हा पूर्ववत करता येईल असाच बदल करावा. आणि उतरवलेले मूळ इंजिन तेल लावून जपून ठेवावे, भंगारात देऊ नये.

७. सारांश

इंजिन हा गाडीचा एक सुटा भाग नाही, गिअर, ब्रेक, रेडिएटर, माउंटिंग आणि कागदपत्रे त्याच्या हिशेबाने ठरलेली असतात. म्हणून आधी मोजा, मग दुरुस्त करा, बदलाचा विचार शेवटी. आमच्या गाडीला नवे गॅस्केट, कठीण सीट, साफ केलेला रेडिएटर आणि बदललेले जेट एवढेच लागले. ती आजही वेगवान नाही. पण नंदी हिल्सच्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्ये न उकळता जाते, आणि वडिलांना इंजिनाचा आवाज ओळखीचा वाटतो.

स्वाध्याय

१. चाकाची त्रिज्या ०.३० मी. आणि डिफरन्शिअल गुणोत्तर ४.३ असताना ताशी ७० किमी वेगाला इंजिनाचे फेरे काढा.
२. एका इंजिनात चारही सिलिंडरचा दाब कमी आहे आणि तेल घातल्यावर सगळ्यांचा बराच वाढतो. निदान सांगा.
३. ८५० फेऱ्यांच्या आयडलिंगसाठी माउंटिंगची नैसर्गिक वारंवारता जास्तीत जास्त किती असावी?
४. तुमच्या घरातील किंवा शेजारची एखादी जुनी गाडी निवडा. तिच्या नोंदणी प्रमाणपत्रातील इंजिन क्रमांक व सीसी प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहा आणि एक पानाचा अहवाल लिहा.