पानाच्या पाठीवरचे ठिपके

चंचुपात्रात पालथं नरसाळं, त्याखाली हायड्रिलाच्या काड्या आणि उन्हात ठेवल्यावर परीक्षानळीत चढणारे बुडबुडे. प्रकाशसंश्लेषणाचं हे चित्र शाळेत प्रत्येकानं वहीत काढलेलं असतं. माझं नरसाळं दर वेळी वाकडं यायचं. बुडबुडे आम्ही मोजले, पण पान उलटून पाठीवर काय चिकटलंय ते बघायला कुणी सांगितलं नाही.

हीच हायड्रिला १९५० च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापाऱ्यांमार्फत आशियातून फ्लोरिडात पोचली आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या तलावांत माजली. १९९४-९५ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातल्या डीग्रे तलावावर २९ बाल्ड ईगल गरुड मेले. त्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागाची चाळण झाली होती. हायड्रिला खाणारे कूट, म्हणजे आपल्या वारकरी पक्ष्याचे तिकडचे भाऊबंद, झिंगल्यासारखे पोहत आणि आयते गरुडांच्या तावडीत सापडत. ओळखीचं कुठलंच विष हाती लागेना. २००१ मध्ये संशोधक सुझन वाइल्ड यांना सूक्ष्मदर्शकाखाली हायड्रिलाच्या पानांच्या खालच्या बाजूला नील-हरित शेवाळाचे ठिपके दिसले. त्याचं रीतसर बारसं व्हायला २०१४ उजाडलं: एटोक्थोनोस हायड्रिलिकोला, हायड्रिलावर राहणारा गरुडमाऱ्या.

एका ठिपक्याला नाव द्यायला तेरा वर्षं का लागावीत? कारण या कुळाचा कारभारच गुंतागुंतीचा आहे. नाव शेवाळाचं, पण जात जिवाणूंची. सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे या नील-हरित शेवाळाच्या, पेशीत केंद्रक नसतं. त्यामुळे नामकरणाचे कायदेही दोन. वनस्पतींच्या संहितेप्रमाणे वाळवलेला, मेलेला नमुना संग्रहालयात जमा करायचा आणि २०१२ पर्यंत वर्णन लॅटिनमध्येच लिहायचं. जिवाणूंच्या संहितेला मात्र जिवंत, शुद्ध संवर्ध हवा, तोही दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉजर स्टेनियर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हे सगळं जिवाणूंच्या नियमांखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही घरचा हा पाहुणा अजून पुरता कुठल्याच घरचा झालेला नाही.

जुन्या पिढीची भिस्त डोळ्यांवर होती. तंतूची जाडी, पेशीचा आकार, आवरण, फांद्या आणि मण्यांच्या माळेत मध्येच येणारा जाड भिंतीचा, फिकट मणी, म्हणजे नत्र स्थिर करणारी हेटेरोसिस्ट. या खुणांवर शैवालतज्ज्ञ टी. व्ही. देशिकाचारींनी १९५९ मध्ये ‘सायनोफायटा’ हा सुमारे सातशे पानांचा ग्रंथ सिद्ध केला. भारतात तळ्यातलं शेवाळ ओळखायला बसलेल्या माणसाच्या टेबलावर तो आजही असतो. महाराष्ट्रातही हे काम जुनंच. वांद्र्याच्या एका तलावात ऋतूंनुसार कोणती शेवाळं येतात-जातात, याचा गोन्साल्विस आणि जोशी यांनी घेतलेला मागोवा १९४६ मध्ये छापून आला आहे.

पण डोळा फसतो. नायट्रेट भरपूर घातलेल्या पाण्यात वाढवलं, की हेटेरोसिस्ट बनवायची गरजच उरत नाही आणि माळेतला तो खास मणी गायब होतो. तळ्यात चिकट गोळ्यांनी राहणारं मायक्रोसिस्टिस फ्लास्कमध्ये सुट्या पेशींनी राहू लागतं. हे पाहून अमेरिकेतले फ्रान्सिस ड्रुएट इतके वैतागले, की बहुतेक जाती म्हणजे परिस्थितीनं पालटलेली रूपंच, असं ठरवून त्यांनी सुमारे दोन हजार जाती ६२ वर आणून ठेवल्या. निदान योग्य, पण शस्त्रक्रियेत रोगीच गेला, असं माझं मत. जनुकांचा पुरावा आला तेव्हा उलटंच दिसलं: एकसारख्या दिसणाऱ्या माळांमध्ये लांबलांबची घराणी दडलेली होती.

आता जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाचा क्रम काढतात. साम्य साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली गेलं तर जात वेगळी असण्याची शक्यता, ९५ च्या आसपास घसरलं तर प्रजातीही. (वर्तमानपत्रं ‘जाती’ला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात, प्रजाती ही वरची पायरी.) शेजारच्या एका तुकड्याच्या घड्या, केसाच्या पिनेसारखी वळणं, कागदावर काढून ताडून बघतात. चेक शास्त्रज्ञ यिर्झी कोमारेक यांनी डोळा आणि जनुक दोघांनाही एका पंगतीला बसवलं. २०१४ च्या त्यांच्या मांडणीत आठ गण होते; २०२३ च्या नव्या मांडणीत वीस झाले.

या धांदलीत पुण्याचाही हात आहे. तिथल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहातल्या आणि मुंबईच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये नॉस्टॉक या जुन्या प्रजातीपासून एक नवी प्रजाती वेगळी काढली आणि तिला नाव दिलं देशिकाचार्या. तिच्यातल्या एका जातीचं नाव नॉस्टॉकॉइडिस, म्हणजे नॉस्टॉकसारखी दिसणारी. दोनच वर्षांपूर्वी नॉस्टॉक म्हणून जाहीर झालेली एक जातही त्यांनी या नव्या घरी हलवली. डोळ्यांनी ओळखण्यात हयात घालवलेल्या माणसाचं नाव डोळ्यांना चकवणाऱ्या शेवाळाला मिळालं.

गरुडमाऱ्याची गोष्ट नावानं संपली नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला त्याचा संवर्ध विष बनवायलाच तयार नव्हता. अखेर जर्मनीतल्या हाले इथल्या गटाच्या लक्षात आलं, की तलावातल्या विषाच्या रेणूत ब्रोमीनचे पाच अणू आहेत आणि फ्लास्कमधल्या पाण्यात ब्रोमाइड नाहीच. चिमूटभर ब्रोमाइड घातलं, आणि शेवाळानं विष करायला घेतलं. २०२१ च्या मार्चमध्ये हे प्रसिद्ध झालं.

ब्रोमाइड हायड्रिला आपल्या पानांत साठवत होती.