हलला तर धूमकेतू

चिकलठाण्यात विमानतळ आणि एमआयडीसीचे दिवे आकाश उजळून टाकतात; अंधुक धूमकेतू शोधायचा तर वस्तीपासून दूरच जावे लागते. परतणारा धूमकेतू सुरुवातीला शेपटी मिरवत नाही, नुसता ठिपका असतो. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी हॅले असाच सापडला: अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या ५ मीटर दुर्बिणीतून, शनीच्याही पलीकडे, गणिताने सांगितलेल्या जागेच्या अगदी जवळ! ओळखायची खूण म्हणजे काही वेळाने पुन्हा घेतलेल्या छायाचित्रात तो ताऱ्यांमधून सरकलेला दिसतो. नवा दिसणारा ठिपका अतिनवतारा, म्हणजे स्फोट होणारा तारा, असेल तर तो जागचा हलत नाही. दीर्घिकेच्या जुन्या छायाचित्रात नसलेला ठिपका नव्यात उगवतो. वर्णपट घेतला की खात्री पटते.

त्याच पालोमारवर आज झेडटीएफ (झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी) हे आकाश सर्वेक्षण धूमकेतू आणि अतिनवतारे दोन्ही टिपते. ते उभारण्यात कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी अग्रभागी होते, याचा अभिमान वाटतो. कॅमेरा एका वेळी ४७ चौरस अंश आकाश घेतो. पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र त्यात मावतील. तरी १९ मे २०२३ रोजी एम १०१ दीर्घिकेतला अतिनवतारा आधी पाहिला तो जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने.