मत टांगायची खुंटी

बंगळुरूतल्या हेब्बाळच्या बसथांब्यावर उभं राहा आणि कान उघडे ठेवा. कुणीतरी कन्नडमध्ये म्हणतंच, ‘बस बरुत्ते अंत नंगे अनसुत्ते.’ त्याखाली मराठी मांडा: बस येते असं मला वाटतं. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही!

आता हेच कोरियनमध्ये: ‘बोसुगा ओन्दागो सेंगाखेयो.’ बस, येते, असं, वाटतं. ‘मला’ आपणही गाळतो, तेही गाळतात. पुन्हा तोच क्रम!

मधले चिमुकले ‘अंत’ आणि ‘गो’ पाहा. आधी अख्खं मत सांगून टाकायचं, मग ते या खुंटीवर टांगायचं आणि शेवटी ‘वाटतं’ म्हणायचं. ही खुंटी आली कुठून? कन्नड ‘अंत’ निघाला म्हणणे या अर्थाच्या धातूतून. कोरियन ‘गो’ हे ‘हागो’चं झिजलेलं रूप, आणि त्यामागचं ‘हादा’ म्हणजे करणे आणि म्हणणेसुद्धा. आणि आपण? ‘उशीर होईल म्हणून तो घाबरला.’ तो कुणाला काही म्हणालेला नसतो, तरी ‘म्हणून’ येतंच!

मराठी-कन्नडचं साम्य शेजारातून वाढलं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींवर भाषा-अभ्यासक जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलं. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जुळली होती, की बरेचदा नुसते शब्द बदलले की भाषा बदलायची. पण कोरियाशी आपला शेजार कुठला? तरीही वाट तीच! मत संपल्यावर ‘हे मत होतं’ असं सांगणारं काहीतरी लागतं, आणि ‘म्हणणे’ हे क्रियापद अगदी हाताशी असतं. जगातल्या कितीतरी भाषांनी आपापलं तेच उचललं.

म्हणजे कोरियन शिकू लागलेल्या मराठी माणसाला मत मांडायचा सांगाडा आयताच मिळतो. सुरुवातीला ‘जे सेंगागेनुन’, म्हणजे ‘माझ्या मते’, जोडलं की झालं. थांब्यावरचा कोरियन मात्र आणखी मऊ बोलेल: ‘बोसुगा ओल गॉत गाथायो.’ बस येणार असं दिसतंय. हे ‘गॉत गाथायो’ इतकं लाडकं आहे, की घास तोंडात असतानाही ‘मासिन्नुन गॉत गाथायो’ म्हणतात. चव जिभेवर आहे, तरी ‘चविष्ट असावं’! मत समोरच्यावर लादायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खरा नवा धडा पुढे आहे. मला वाईट वाटत असेल तर ‘सुलफोयो’. मित्राला वाटत असेल तर? तेच रूप सहसा चालत नाही! ‘सुलफोहेयो’ म्हणायचं, म्हणजे त्याच्या वागण्यातून दुःख दिसतंय. कारण उघड आहे: त्याच्या मनात मी कुठे शिरलोय? पण त्याच मित्राला विचारायचं असेल, तर पुन्हा ‘सुलफोयो?’ चालतं. असं का? प्रश्नाचं उत्तर तोच देणार, आणि त्याच्या मनाचा जाणकारही तोच!

मराठीत आपण ‘तिला वाईट वाटतं’ सहज बोलून जातो. कोरियन शिकणाऱ्याला मात्र पहिल्याच महिन्यांत ठरवावं लागतं, की हे मन माझं की दुसऱ्याचं, आणि त्याबद्दल बोलायचा हक्क कुणाचा. तत्त्वज्ञांना शतकानुशतकं छळणारा हा प्रश्न कोरियातली मुलं क्रियापदाच्या एका शेपटाने रोज सोडवत असतात!